श्वास रोखून धरा

आबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा
शांतवन म्हणाला, एक तुला, एक मला.
पाटा एकाला, वरवंटा दुसऱ्याला द्यावा
तसे आम्ही कमरेएवढे दोन स्पीकर वाटून घेतले.
बावीस वर्षं दोन्ही घरी चटणी नाही.

माझा जिन्याखाली. वर इस्त्रीचे कपडे.
त्याचा बुधगावला, डोक्यावर पिठाचा डबा.
नाताळाच्या आधी त्याने तो टेम्पोत घालून पाठवला,
चिठ्ठी नाही, टेम्पोचं भाडंही माझ्यावर.

पाठीचे आठ स्क्रू. त्यातले तीन आबांनी बदललेले,
हॉस्पिटलच्या पंख्यांचे. लगेच ओळखले.
परातीएवढा कागदी कोन,
आणि कडेचा फोम, बोट लावताच
शिळ्या केकसारखा भुगा.
शांतवनच्या पेटीत उंदराने संसार केलेला:
कापूस, खराट्याच्या काड्या,
उपासनेच्या पत्रकाचा कुरतडलेला कोपरा.
दुकानदार म्हणाला, बाई, मुठीएवढे मिळतात आता.
म्हटलं, मला कडा तेवढ्या मागवून द्या.

खरी गोम पुढे.
कोनाच्या बुडाशी तारेचं वेटोळं असतं,
चुंबकाच्या फटीत ते अधांतरी राहावं लागतं.
केसभर सरकलं तरी घासतं.
फटीत घालायला पट्ट्या हव्यात,
पातळ, ताठ, सगळ्या एका जाडीच्या.
मला हसू आलं.
मिरजेच्या एक्स-रे खोलीत चौतीस वर्षं
मी दुसरं काय हाताळलं?

माळ्यावर बाद फिल्मचं पाकीट होतं,
पेशंट हलला म्हणून वाया गेलेल्या.
एक छाती. फासळ्या दुहेरी.
पोर असणार कुणाचं, धरवला नसेल श्वास.
नावाचा कोपरा आधी कापून बारीक तुकडे केले.
मग कडेच्या नुसत्या काळ्यातून पट्ट्या काढल्या.
फासळ्यांना कात्री लावली नाही.
का, ते विचारू नका.

पट्ट्या आत. गोंद. कपड्यांचे चोवीस चिमटे.
रिकाम्या खोलीत सवयीने तोंडातून गेलं:
श्वास घ्या.
रोखून धरा.
हलू नका.
रात्रभर हलला नाही.

सकाळी पट्ट्या ओढल्या, एकेक,
टाके काढावेत तशा.
घड्याळातला सेल तारांना टेकवला,
कोन पुढे आला.
सोडा, म्हणाले. आता सोडा.

लाकडासाठी पलीकडच्या गल्लीतले दस्तगीर आले,
मनगटापर्यंत सतारीच्या भोपळ्याची धूळ.
टिचकी मारून म्हणाले, तारा नाहीत, पण पोट चांगलंय.
चपड्या लाखेचे सात हात दिले.
पिठाच्या डब्याचा गोल डाग मात्र निघाला नाही.
खोल गेलाय, म्हणाले, आणि चहा मागितला.

रेडिओ जोडला. सांगली केंद्र.
आवाज आला, पण कुठून ते कळेना.
भिंतीतून, कानामागून,
जणू आत यावं की नको या विचारात
माणूस उंबऱ्यावर घुटमळतोय.
एकाची तार उलटी.
एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो,
आणि दोघं एकमेकांचं बोलणं खोडत राहतात.
वाटणीच्या दिवशी तारा कुणी उपटल्या होत्या
ते मला आठवतं. मीच.
पाठीमागे वाकून अदलाबदल केली.

माणूस खोलीच्या मधोमध येऊन बसला,
जिथे नुसतं कॅलेंडर आहे तिथे,
आणि पोटातून, सावकाश, कपाटाच्या काचा थरथरवत
सांगू लागला:
हळद, राजापुरी, क्विंटलला किमान, कमाल, सरासरी.

मी उभीच.
गुळाचे झाले. बेदाण्याचे सुरू झाले.

शांतवनला फोन लावला.
वाजलं का?
वाजलं.
काय वाजलं?
ऐक, म्हटलं, आणि फोन मधोमध धरला.

तिकडून काहीच नाही.
तोही धरूनच बसला असावा.